भोयरसाहेबांची सायकलपट्टी

चौकात उभं राहून नगरपालिकेला शिव्या द्यायच्या आणि जन्मात एक अर्ज लिहायचा नाही, असे लोकच या गावाचे खरे गुन्हेगार आहेत! नावं घेत नाही. ज्याचं त्याला ठाऊक आहे.

स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली. आता सरकार म्हणजे आपणच, असं मी शाळेत मास्तरांच्या खोलीत म्हणालो की सगळे घड्याळाकडे बघतात. पण आम्ही चार-पाच सायकलवाल्यांनी अर्ज लिहिले. त्यांना उत्तरं आली, आणि अशी आली की आता चहाला बसलं की एक किस्सा संपायच्या आत दुसरा तोंडाशी येतो.

बहुतेक किस्से भोयरसाहेबांचे. नगरपालिकेचे ओव्हरसियर. वय बावन्न, काळी टोपी, खिशात टेप, उभी नोकरी कालव्यांवर गेलेली. स्टेशनपासून नाल्यापलीकडच्या मुलींच्या शाळेपर्यंत, रस्त्याच्या कडेने, फक्त सायकलींसाठी मुरमाची पट्टी त्यांनीच आखली.

*

पहिला अर्ज माझा. चार पानी. नागरिकांचे हक्क पहिल्या तीन पानांत, खड्डा चौथ्या पानात.

भोयरसाहेबांनी शब्दन् शब्द वाचला. म्हणाले, "अर्ज झकास आहे मास्तर. पण खड्डा कोठे आहे, थे लिहाचं राहूनच गेलं!"

"स्टेशनाजवळ," मी म्हणालो.

"चाला."

भर उन्हात निघालो. मी सायकल हातात धरून, ते पायी. मला वाटलं, किती साधा माणूस! पायी जाण्याचं खरं कारण पुढे कळलं.

तिसऱ्या दिवशी खड्डा बुजला. माझी तीन पानं वाया गेली.

*

कापसाचा हंगाम आला तशा वडनेरकडच्या बैलबंड्या सरळ आमच्या पट्टीवरून जाऊ लागल्या. मऊ मुरूम, बैलही खूश! आम्ही अर्ज केला. आठवड्यात पट्टीच्या तोंडाशी दोन दगडी खुंट उभे राहिले. बंडी काही आत शिरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटांमध्ये गोविंदा दूधवाला अडकलेला! हँडल पार गेलं, पण मागच्या दोन बाजूंचे कॅन गच्च बसले. पुढे जाता येईना, मागे येता येईना.

भोयरसाहेब धावत आले. आधी त्याला सोडवतील की नाही? त्यांनी टेप काढला. कॅनपासून कॅनपर्यंत मोजलं, वहीत लिहिलं, पुन्हा मोजलं.

गोविंदा ओरडला, "साहेब, माप घ्या, पण लवकर घ्या! दूध फाटून राह्यलं!"

दुपारपर्यंत एक खुंट वीतभर सरकला होता. आम्ही अर्ज लिहायला बसलो तोवर काम झालेलं!

*

पण नाल्यावरचं वळण तसंच होतं. पट्टी पुलाशी येऊन काटकोनात वळायची, अगदी कालव्याच्या पाटासारखी. पाण्याला चालतं. सायकलला कसं चालेल?

इंदूबाई त्या मुलींच्या शाळेत शिकवतात. गावात सायकलवर बसणारी पहिली बाई. साठ वह्या कॅरियरला बांधून त्या त्या वळणावर दोनदा पडल्या. दुसऱ्यांदा मनगट मुरगळलं. घरी थोरल्या भावाने सांगून टाकलं, "आणखी एकदा पडलीस की सायकल बंद." सायकल बंद म्हणजे शाळा बंद, एवढं अंतर रोज पायी कोण जाणार?

त्या अर्ज घेऊन स्वतः गेल्या. मी सोबत होतो.

भोयरसाहेब म्हणाले, "बाई, वळणावर उतरून जात जा ना."

"उतरूनच जायचं तर पट्टी कशाला हो? साहेब, तुम्ही स्वतः सायकलवर बसलात का कधी?"

दाराशी चपराशी मारोती खोकला.

"नाई," भोयरसाहेब म्हणाले.

त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि आमच्यासमोर त्यावर शेरा मारला. मी तो उलटा वाचला: 'अर्जदार यांचे म्हणणे बरोबर. मला सायकल येत नाही. शिकून कळवतो.'

असा शेरा दुसऱ्या कुठल्या कचेरीत वाचला असेल तर मला दाखवा!

*

शिकवणी कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात. इंदूबाई सीट धरून मागे धावायच्या आणि ओरडायच्या, "खाली नाही, समोर बघा!" शाळेत मुलींना ओरडतात तशाच.

चौथ्या दिवशी साहेब सरकीच्या ढिगात शिरले. टोपी एकीकडे, चष्मा दुसरीकडे. उठून म्हणाले, "येथे पडलं तं लागत नाई. वळणावर पन्नास पोती सरकी टाकता येईल का, मास्तर?"

महिन्याभरात गडी सायकलवरून कचेरीत यायला लागला.

*

मग नगरपालिकेची कमिटी पाहणीला आली. वळण गोल करायचं तर पुलाचा कठडा तोडून बांधावा लागणार होता. अध्यक्ष म्हणाले, "मंजूर नकाशा आहे, भोयर. एक बाई पडते म्हणून पूल तोडायचा?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. इंदूबाई कठड्याशी उभ्या होत्या, मनगट पदरात लपवून.

भोयरसाहेब वाद घालत बसले नाहीत. इंदूबाईंच्या वह्यांचा गठ्ठा मागून घेतला, आपल्या कॅरियरला बांधला, पार खुंटांपर्यंत मागे गेले आणि तिथून ऐटीत निघाले. घंटी वाजवत वळणाशी आले आणि कठड्याशेजारून थेट नाल्यात!

गुडघाभर चिखल. काळी टोपी पाण्यावर तरंगत चाललेली. अध्यक्षांच्या धोतरावर शिंतोडे. सगळे "अरे अरे" करत काठाशी धावले.

भोयरसाहेबांनी चिखलातून आधी वह्यांचा गठ्ठा वर दिला. मग म्हणाले, "अध्यक्षसाहेब, ठराव लिहाचा का?"

"लिहा, लिहा!" अध्यक्ष म्हणाले. "आधी वर या! कठडा तोडा, गोल करा, काय थे करा!"

इंदूबाई वह्या पुसत हसत होत्या, रडतही होत्या.

मी आणि मारोतीने सायकल वर ओढली. मारोती हँडल सरळ करता करता माझ्या कानाशी आला.

"मास्तर, काल सांजच्याले साहेबानं मले येथंच उभं केलतं. इटा लादून याच वळणावरून तीनदा गेले, एकदा बी पाय टेकला नाई. मंग आज काऊन पडले जी?"