उपाशीपोटी म्हणजे कधी?

"टीएसएच आणखी वाढलाय," मी रिपोर्ट टेबलावर ठेवत म्हणाले.

रेणुका समोर स्टुलावर बसली होती. तिसरा महिना लागलेला. शेजारी तिची सासू काशाबाई, पदराचं टोक दातात धरून उभी. वडीगोद्रीच्या पुढच्या एका वस्तीवरून दोघी अंबडला माझ्या दवाखान्यात आल्या होत्या. रेणुकाला याआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा गर्भ पडला होता. हा तिसरा तरी टिकावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी. शरीराचं काम कोणत्या वेगाने चालावं हे ती ठरवते. ती मंदावली की मेंदू तिला हाका मारतो. त्या हाकेचं नाव टीएसएच. ग्रंथी ऐकेना तशी हाक मोठी होते. म्हणजे आकडा जास्त तर थायरॉइड कमी. हे उलटं गणित समजावण्यात माझी निम्मी ओपीडी जाते. पोटातल्या बाळाला सुरुवातीचे महिने स्वतःचं थायरॉइड नसतं, ते आईकडूनच घ्यायचं. आईकडेच नसेल तर बाळाने कुठून आणायचं?

आधीच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा दिवस राहण्याआधीच थायरॉइडची पन्नासची गोळी सुरू केली होती. मग पंचाहत्तर, मग शंभर. हे मायक्रोग्रॅम, शंभर म्हणजे जेमतेम मिठाचा एखाददुसरा कण. पण त्या कणावर खूप काही अवलंबून असतं. रेणुकाचा आकडा मात्र खाली यायचं नावच घेत नव्हता. दिवस राहिल्यावर तर आणखीच वर गेला.

"गोळी कशी घेतेस?" मी विचारलं.

"उपाशीपोटी, मॅडम."

"बिलकुल चुकत न्हाई ती," काशाबाई म्हणाली.

उत्तर बरोबर होतं. ही गोळी उपाशीपोटीच घ्यायची असते. मी सव्वाशेचा डोस लिहायला घेतला. पण मनाला पटेना. जेमतेम पंचेचाळीस किलोची बाई, तिला सव्वाशे? लिहिता लिहिता म्हणाले, "लवकर निघाला असाल. आजची गोळी राहिली असेल तर इथंच घे. सिस्टर पाणी देतील."

रेणुका गोंधळली. "आज कशी घेऊ? आज सोमवार थोडाच हाये?"

"सोमवारचा काय संबंध?"

"सोमवारी उपास ऱ्हातो ना. सोमवार, चतुर्थी, एकादशी. उपाशी असले की घेते. बाकीच्या दिवशी तर जेवते मी, मॅडम. रोज उपाशी राह्यले तर रानातलं काम कसं व्हईल?"

मी पेन खाली ठेवलं.

"या सोमवारी घेतलीस?"

"न्हाई. आता उपासच बंद केलेत."

"म्याच सोडायला लावले," काशाबाई म्हणाली. "पोटुशीला उपाशी ठेवू न्हाई. पयल्या दोन्ही टायमाला बी मी सोडवले व्हते."

म्हणजे ज्या महिन्यांत गोळीची सगळ्यात जास्त गरज, नेमकी त्याच महिन्यांत ती बंद. तीन वेळा. काशाबाईला हे हळूहळू उमगत गेलं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि मला तिकडे बघवेना.

"मंग मॅडम, ती दोन लेकरं... माझ्यापायी गेली का?"

फार वाईट वाटलं मला. रागही आला, पण कोणावर काढायचा? सुनेला चांगलंचुंगलं खाऊ घालावं म्हणून जिने उपास सोडवले, तिच्यावर?

"सांगता येत नाही, मावशी," मी म्हणाले. "गर्भ पडायची कारणं पुष्कळ असतात. हे त्यातलं एक असू शकतं. पण तुमच्यापायी नाही. तुम्हाला कोणी नीट सांगितलंच नव्हतं."

यापेक्षा जास्त धीर दिला असता तर ते खोटं ठरलं असतं.

सव्वाशेचा कागद मी फाडला. शंभरची गोळी रोज कधी पोटात गेलीच नव्हती, तेव्हा ती पुरत नाही हे ठरवणार कसं? आणि सव्वाशे रोज सुरू झाली असती तर छाती धडधडून आणखीच पंचाईत. वजनाप्रमाणे पंचाहत्तर लिहिली. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी दुपारी आणि रात्री, कारण त्या सोबत घेतल्या तर थायरॉइडची गोळी अंगी लागू देत नाहीत.

"सकाळी उठून आधी काय करतेस?"

"तोंड धुते, मंग चहा ठेवते."

"तोंड धुतलं की गोळी. मग झाडलोट कर, पाणी भर. अर्ध्या तासाने चहा."

"ज्या दिवशी जेवायचंय त्या दिवशी बी?"

"त्या दिवशी बी. रोज."

महिन्याभराने आकडा पहिल्यांदा खाली आला. पुढे पोट वाढलं तशी शंभरची गोळी द्यावी लागली, पण आता तो डोस खरा होता. दिवस भरले, मुलगी झाली. तिचीही तपासणी केली, थायरॉइड ठणठणीत होतं. काशाबाई नातीला मांडीवर घेऊन बराच वेळ रडली. कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून 'उपाशीपोटी' हा शब्द मी पेशंटपुढे उच्चारत नाही. 'कशी घेता' असंही विचारत नाही. 'आज घेतली का' असं विचारते. डोस वाढवण्याआधी गोळी पोटात जाते का, हे बघावं.

मुलीच्या लसीला काशाबाईच येते. परवा बाहेर बाकावर एक पोटुशी पोरगी हातात तीच गोळी घेऊन बसली होती. आत मला काशाबाईचा आवाज ऐकू आला.

"उपासाची न्हाई बरं का बाई ही गोळी. रोजची हाये. मला कुणी सांगितलं नव्हतं."