देसले सरांचा प्रॉब्लेम

सोमवारी तिसऱ्या तासाला देसले सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पुस्तकातलं अक्षर दिसत नाही, असं आम्हाला सांगितलं.

सर टोकावड्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत. मुरबाडहून एसटीने येत, काखेत जाडजूड शब्दकोश. कुणी ‘सर, प्रॉब्लेम आहे’ म्हणालं, की टेबलावर बोट आपटत. ‘‘कुठाय? ठेव इथं.’’ हा शब्द ग्रीकांचा, मूळ अर्थ ‘पुढे टाकलेलं’. समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या टोकाला ते लोक हेच म्हणत, अंगापुढे धरलेल्या ढालीलाही. पुढे विचारलेला प्रश्न, भूमितीतलं कोडं असे अर्थ आले, अडचण त्यामागून. ‘‘पाठीमागं लपवलंत, तर त्याला प्रॉब्लेम म्हणायचं नाय,’’ असं बजावून सर धडा उघडत.

आमच्या वर्गातला पांडू रोज उशिरा येई.

‘‘म्हशीचा प्रॉब्लेम आहे, सर.’’

‘‘ठेव टेबलावर.’’

‘‘टेबल मोडंल, सर!’’

सरही हसले. मग त्याला सगळं विचारत बसले. बाप अंथरुणाला खिळलेला, सकाळी म्हैस पांडूच सोडायचा. पुढच्या आठवड्यापासून इंग्रजीचा तास पहिल्याऐवजी तिसरा झाला.

दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर सर शब्दकोश आमच्याकडून वाचून घेऊ लागले. ‘‘तुमची जीभ वळू दे.’’ मी पहिल्या बाकावर बसे. एकदा त्यांच्या हातात शब्दकोश उलटा होता आणि ते पाठ असलेला अर्थ सांगत होते. मी कुणाला बोलले नाही. कळलं तर सरांची नोकरी जाईल, असं वाटे.

त्या सोमवारी सर म्हणाले, ‘‘उद्या हेडमास्तरांना सांगणार. पहिलं तुमच्यापुढं ठेवलं.’’

मग पांडू उठला. ‘‘सर, आमी वाचतो की. फळ्यावर पण लिवतो. तुमी अर्थ सांगा.’’

तास संपल्यावर मी टेबलापाशी गेले. ‘‘सर, मला माहीत होतं.’’

‘‘मला ठाऊक होतं. पुढंच बसतेस ना गो.’’

हेडमास्तर दोन दिवस वर्गाबाहेर उभं राहून ऐकत होते. तिसऱ्या दिवशी ‘चालू द्या’ म्हणाले. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं मुलं वाचत राहिली, सर शिकवत राहिले.

गेल्या महिन्यात सर गेले. त्यांच्या पत्नीने शब्दकोश मला दिला. तो माझ्या टेबलावर आहे. मी तो मोठ्याने वाचते.