अंगठ्याच्या खुणेचा रोडगा

संग्रामपूर तालुक्यातल्या गावांत रोडग्यांचा कार्यक्रम ठरला की आधी देवाचा वार बघतात आणि मग इंद्रभान अढावांचा. हा क्रम कधीकधी उलटाही होतो. चाळीस वर्षांत त्यांच्या हातचा एकही रोडगा आतून कच्चा निघाला नाही, असं लोक म्हणतात. ते स्वतः हे सांगत नाहीत, पण कुणी म्हटलं तर नाकारतही नाहीत.

रोडगा म्हणजे जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचा, तेलाचे पदर देऊन वळलेला गोळा. वावरात लांब चर खणायचा, त्यात गोवऱ्या पेटवायच्या आणि निखारा बसला की गोळे त्यात पुरायचे. लांब दांड्याच्या फावड्याने ते परतत राहायचं. शिजले की गोणपाटात घोळून राख झाडायची, फोडून वरून तूप. सोबत वांग्याची भाजी, आणि भाजीवर लाल तेलाचा तवंग, म्हणजे तर्री. तर्री नसलेली भाजी वाढली तर यजमानाने हात आखडला, असा अर्थ होतो.

तीन वर्षांपूर्वी चैत्रात, अशाच एका चराजवळ, इंद्रभान अढावांना दरदरून घाम फुटला आणि डावा जबडा दुखायला लागला. अकोल्याला नेलं. हृदयाच्या एका नळीत स्टेंट बसला. सहाव्या दिवशी ते घरी आले तेव्हा औषधांच्या पिशवीत कोलेस्टेरॉल उतरवणारी एक गोळी होती.

पाचव्या आठवड्यात ते कामावर परतले. नेहमीसारखे चराजवळ उकिडवे बसले आणि त्यांना उठताच येईना. मांड्यांत कुणी शिसं ओतावं तसं झालं होतं. त्यांच्याकडे पंधरा वर्षं कणीक मळणाऱ्या पुष्पाबाईंनी काखेत हात घालून त्यांना उठवलं.

"काय भाऊ, दवाखान्यात साय-तूप खाऊन आले काय? किती जड झाले बाप्पा!"

सगळे हसले. तेही हसले. पण खांदे दुखत होते, फावडं पेलवत नव्हतं, आणि हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. वय झालं असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मग एक दिवस गोळ्या संपल्या आणि नवीन आणायला आठ दिवस गेले. मांड्या मोकळ्या झाल्या. तेव्हा त्यांनी आपल्या मनानेच ती गोळी बंद करून टाकली.

खामगावच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून लगेच ओळखलं.

"काका, त्रास होत होता तर मला सांगायचं. न विचारता गोळी बंद केली म्हणजे काय केलंत, कळतंय का? नळीत जाळी आहे तुमच्या."

डॉक्टरांनी स्नायूंना इजा झाली का, याची रक्ततपासणी केली. त्याच कुळातली दुसरी गोळी दिली, मग तिसरी, तीही अगदी कमी, एक दिवसाआड. दर वेळी तीन-चार आठवड्यांत मांड्या जड व्हायच्या. शेवटी डॉक्टरांनी कागदावर स्पष्ट लिहिलं, की या कुळातली औषधं यांना चालत नाहीत. वेगळ्या जातीच्या दोन गोळ्या सुरू केल्या. त्या सोसल्या, पण त्यांचा जोर कमी होता. वाईट कोलेस्टेरॉलचा आकडा एकशे बारावर अडला. डॉक्टरांना तो सत्तरच्या खाली हवा होता.

"आधी शंभराच्या खाली आणू. औषध तुमचं अर्धं काम करेल. उरलेलं तुमच्या ताटानं करायचं. नाहीच जमलं तर इंजेक्शनं आहेत."

थोरला मुलगा अविनाश संग्रामपूरला बी-बियाण्यांचं दुकान चालवतो. त्याने घरी आल्या आल्या विषय मिटवला.

"बाबा, पुढच्या रिपोर्टात शंभराच्या खाली नाही आलं, तर फावडं ठेवून द्याचं. हाव म्हना."

"हाव," इंद्रभान अढाव म्हणाले.

ते बेफिकीर होते, कारण त्यांना खात्री होती. जयमालाबाई, त्यांची बायको, घरात तेल चमच्याने मोजायच्या. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मूठभर फुटाणे. पहाटे सातपुड्याच्या बाजूला चार किलोमीटर चालणं. कार्यक्रमाच्या ठिकाणीही ते पंगतीला बसत नव्हते, घरचा डबा खात होते. आकडा उतरणारच होता.

तीन महिन्यांनी तो एकशे चौदा आला.

"लपून खाता का काही?" डॉक्टरांनी विचारलं.

"लपून खानारा मानूस नाई हा," जयमालाबाईच म्हणाल्या. "मी सोता मापून देते, डॉक्टरसाहेब."

अविनाशने पुढच्या तपासणीपर्यंत शेवटची मुदत दिली. जयमालाबाई मात्र येताना एसटीत बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मार्गशीर्षातल्या पुढच्या कार्यक्रमाला त्यांनी नवऱ्याच्या पिशवीत एका रिकाम्या डब्याची भर टाकली.

"आज चव पाह्याले जे जे तोंडात टाकसान, ते याच्यात टाकजा."

"चाखनं म्हनजे काय खानं असते काय?"

"म्हनूनच म्हनते. डब्यात टाका."

त्यांनी टाकलं. देवाला नैवेद्य गेला, की पंगत बसायच्या आधी चरातला दर हातभर अंतरावरचा रोडगा फोडून, तुपात बुडवून एक घास बघायचा, ही त्यांची पद्धत. भाजीच्या सहा कढया होत्या. प्रत्येकीतून एकदा मिठाला, एकदा तिखटाला. तर्री जमली का ते बघायला वेगळी पळी. मग बुंदी.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयमालाबाईंनी तो डबा परातीत उलटा केला. थंडीने तूप गोठलं होतं. पांढऱ्या थरात रोडग्याचे तुकडे रुतून बसले होते. सगळे मिळून साडेतीन रोडगे भरले असते. भाजी दोन वाट्या, तिच्या कडेला लाल तेलाचं कडं धरलेलं. हंगामात आठवड्याला तीन कार्यक्रम व्हायचे.

"हे तुमचं चाखनं," जयमालाबाई म्हणाल्या आणि परात तिथेच ठेवून गोठ्यात गेल्या.

इंद्रभान अढावांनी परात पुढे ओढली. चाळीस वर्षांत त्यांनी यातला एकही घास खाण्यात धरला नव्हता. तो कामात धरला होता.

पुढच्या कार्यक्रमाला चव बघायचं काम पुष्पाबाईंना दिलं. कार्यक्रम पातुर्डा भागातल्या उत्तमरावांच्या मळ्यात, अकराशे पानांचा. पुष्पाबाईंना तंबाखू खायची सवय. त्यांच्या जिभेला मीठ कमीच लागत राहिलं आणि त्या "आनखी थोडं" म्हणत राहिल्या. पहिल्या पंगतीतच पाण्याचे जग कमी पडले. यजमान उत्तमराव सत्तरीचे, गावभर कुणालाही अरेतुरे करणारे. पंगतीच्या मधोमध उभं राहून ते ओरडले,

"काऊन बे इंद्रभान! भाजी केली का लोनचं घातलं? अन् तू तोंड बांधून काऊन बसला? आचारी हायेस का उपासकरू?"

असं इंद्रभान अढावांना आजवर कुणी बोललं नव्हतं. तरी त्यांनी फावडं खाली ठेवलं नाही.

त्यांना वडील आठवले. महादेवराव अढाव नैवेद्याचे रोडगे करायचे आणि देवाच्या आधी चाखायचं नाही म्हणून कधीच काही तोंडात टाकत नसत. रोडगा निखाऱ्यातून काढून ते त्यावर बोटाच्या पेराने ठोकत. कच्चा रोडगा बद्द वाजतो, शिजलेला पोकळ. मीठ वांग्यांच्या टोपलीमागे मुठीने. तर्री जमली की फोडणीचा वास बदलतो, तो ओळखायचा. इंद्रभान अढावांनी हे सगळं लहान असताना शिकून घेतलं होतं आणि कार्यक्रम मोठे झाल्यावर सोडून दिलं होतं. जिभेने काम लवकर व्हायचं.

पौषभर ते ठोकून बघत राहिले. घरी जयमालाबाईंनी अंगणात लहानसा चर करू दिला. ते रोडगा ठोकायचे, कच्चा की शिजलेला ते सांगायचे, आणि त्या फोडून बघायच्या. पहिल्या दिवशी दहातले चार चुकले. बाराव्या दिवशी एकही नाही. मीठ मुठीने टाकायचं, पण मूठ वडिलांची मोठी होती, त्यांची लहान. मग मूठ आणि वर तीन बोटं, असा हिशेब बसला. या काळात त्यांनी बाहेरचे चार कार्यक्रम केले. एकाही ठिकाणी कुणी काही बोललं नाही. आचाऱ्याच्या धंद्यात ही मोठीच पावती.

माघात रक्त दिलं. आकडा शहाऐंशी आला.

"उतरला," डॉक्टर म्हणाले. "पण सत्तर अजून लांब आहे काका. गोळ्या, चालणं, सगळं असंच चालू ठेवायचं. इंजेक्शनाचं सहा महिन्यांनी बघू."

"फावड्याचं काय?" इंद्रभान अढावांनी विचारलं. डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. अविनाशला कळला. तो रिपोर्टची घडी घालत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच."

फाल्गुनात उत्तमरावांकडून निरोप आला. नातवाच्या नवसाचे रोडगे. निरोप आणणाऱ्याने पुढचं वाक्यही तसंच्या तसं सांगितलं: "म्हना, या खेपेले मीठ मी घरून मोजून देतो."

इंद्रभान अढाव गेले, आणि मीठ आपलंच नेलं. दीड हजार रोडगे पुरले. त्यात एक गोळा बिनतेलाचा होता, वर अंगठा दाबून खूण केलेला. दुपारी ते चराच्या कडेने उकिडवे सरकत गेले, रोडगे ठोकत. वाढपी थांबून बघायला लागले. मध्येच एक रोडगा त्यांनी परत निखाऱ्यात ढकलला. उत्तमरावांनी तो फावड्याने ओढून काढला आणि फोडला. आत बोटभर कणीक ओली होती. रोडगा त्यांनी कुत्र्यापुढे टाकला.

चार पंगती उठल्या. पाचवीला वाढप्यांनी भाजीच्या कढया तिरप्या केल्या, तळ दिसत होते. मग इंद्रभान अढाव उठले. जमिनीला हात न टेकता उठले, हे पुष्पाबाईंनी पाहिलं आणि शेजारणीला कोपराने ढोसून दाखवलं. त्यांनी अंगठ्याच्या खुणेचा रोडगा राखेतून शोधला, घरच्या डब्यातलं वरण घेतलं आणि शेवटच्या पंगतीच्या टोकाला बसले.

उत्तमराव स्वतः तुपाची वाटी घेऊन आले. आग्रहाला त्या मळ्यात नाही म्हणायची रीत नाही.

"घे बे. आज तुहा मान हाय."

इंद्रभान अढावांनी ताटावर पंजा आडवा धरला.

"नोका टाकू, भाऊ. माह्यं फावडं जाते याच्यापाई."

उत्तमरावांना फावड्याचं कळलं नाही, आणि हात तर आधीच वाकला होता. तुपाची धार पंजाच्या पाठीवर पडली. इंद्रभान अढावांनी ती ताटात ओघळू दिली नाही. शेजारी आडवं ठेवलेलं फावडं त्यांनी मांडीवर ओढलं आणि हातावरचं सगळं तूप त्याच्या दांड्याला, वरपासून खालपर्यंत, नीट चोळून जिरवलं. मग कोरडा रोडगा फोडला.