चपला राखणारी आजी

शिर्डीला लोक दर्शनाला येतात, तसे घरातली म्हातारी माणसं सोडून जायलाही येतात, हे निवारा केंद्रात नोकरीला लागेपर्यंत मला माहीत नव्हतं.

त्या आजीला पोलिसांनी आमच्याकडे आणलं तेव्हा तिनं एक पिशवी पोटाशी धरली होती. आत मुलाच्या, सुनेच्या आणि नातीच्या चपला. ‘दर्शन घेऊन येतो, तोवर चपलांवर लक्ष ठेव,’ असं सांगून मुलगा गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशीही ती मंदिराबाहेर तिथंच बसलेली सापडली.

आंघोळीला नेताना मदतनीस बाईंनी पिशवीला हात घातला मात्र, आजीनं टाहो फोडला. भिंतीवर डोकं आपटायला लागली. अधीक्षक वैतागले. संध्याकाळपर्यंत शांत झाली नाही तर मनोरुग्णालयात पाठवतो म्हणाले. तिथं गेलेलं बेवारस माणूस परत येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

नोकरीला लागल्यावर सावेडीतल्या एका हॉलमध्ये आम्हाला प्रशिक्षण दिलं होतं. घाबरलेल्या माणसापुढे उभं राहू नका, त्याची वस्तू काढून घेऊ नका, खोटा दिलासा देऊ नका. चहा-बिस्किटं खाताना हे सगळं फार सोपं वाटलं होतं. मी फरशीवर बसले आणि पिशवी तुमच्याजवळच राहील, असं हळूच सांगितलं. ओरडून दमल्यावर ती बोलली.

“पोरगं अनवानी गेलंय, बाई. मला टाकलं म्हनू नका. टाकायचं आसतं तर चपला कशाला ठिवल्या आसत्या?”

बोलता बोलता तिनं गावाचं नाव सांगितलं.

त्या गावच्या पोलीस पाटलाकडून मुलाचा नंबर मिळवला. मुलाला विचारून येते, असं आजीला सांगून व्हरांड्यात जाऊन फोन लावला आणि आई तुमच्या चपला धरून बसलीय, असं सांगितलं.

“त्या जुन्या हुत्या, मॅडम. आमी नव्या घेतल्या. टाकून द्या.”

पुन्हा लावला तर फोन बंद.

आत आले तर आजी माझ्याकडेच बघत होती. “अनवानी हाय का त्यो?” एवढंच तिनं विचारलं.

“नाही आजी. नव्या घेतल्यात त्यांनी.”

तिनं मान हलवली. पिशवी स्वतःहून माझ्याकडे सरकवली आणि आंघोळीला उठली. किती छान शांत केलंत, अधीक्षक म्हणाले. मी न्हाणीच्या दाराबाहेर उभी होते. आत नुसतं पाणी पडत होतं, आणि तिनं पुन्हा एकदा ओरडावं म्हणून मी देवाची करुणा भाकत होते.