अकरापैकी नऊ किल्ल्या

ती केळीची बाग आजही माझ्या डोळ्यांसमोर आडवी पडलेली दिसते. कापणीला आठवडा राहिलेला, घड भरलेले, आणि शे-दोनशे खोडं कमरेएवढ्या उंचीवरून कोयत्याने कापून टाकलेली.

बाग मुक्ताईनगर तालुक्यातल्या एका विधवा शेतकरणीची. गाव तिला अक्का म्हणे. बागेचा राखणदार मात्र माझ्या ओळखीचा होता. मी दोंडाईच्याकडे नोकरीला असताना घरफोडीत त्याला मीच अटक केली होती. शिक्षा भोगून तो बायकोच्या माहेरी, या गावात, राखणदारी करायला आला. योगायोगाने माझीही बदली या गावाच्या ठाण्याला झाली.

खरं लिहायचं तर त्याला पाहून माझ्या पोटात दुखायचं. अकरा शेतकऱ्यांच्या विहिरींवरच्या, पाण्याच्या मोटारीच्या खोल्यांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला असत. कुलपं तोडणाऱ्याच्या कमरेला! गावात गेलो की लोक मला खुर्ची देत, चहा देत आणि बोलणं बंद करत. तो आला की सरकून त्याला ओट्यावर जागा देत. तीस वर्षं वर्दी घालून मला सलाम मिळाले. किल्ली कोणी दिली नाही.

त्या सकाळी ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. पलीकडे अक्काचा धाकटा दीर होता.

"साहेब, पहाटे त्या राखणदाराले कोयता घेऊन बागेतून निघताना म्या सोता पाह्यलं. चोर तो चोरच राह्यतो."

स्टेशन डायरीत नोंद केली, बागेत जाऊन पंचनामा केला. राखणदाराच्या कोयत्यावर केळीचा ओला चीक सापडला. त्या गावात चीक नसलेला कोयता मिळणं कठीण, हे मला सुचलं नाही, कारण सुचून घ्यायचं नव्हतं. चावडीसमोर, सगळ्यांच्या देखत, मी त्याच्या कमरेचा जुडगा काढून घेतला. आत कुठेतरी बरं वाटलं. ते बरं वाटणं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ठाण्यात दुपारभर चौकशी केली. तो एकच सांगत राहिला, "साहेब, चोरी कयी व्हती तवय कबूल करी. हाई मी नही कयं."

खरंच, घरफोडीच्या वेळी त्याने पहिल्याच तासात कबुली दिली होती. तेही मला आठवलं आणि मी ते बाजूला सारलं.

संध्याकाळी जबाब द्यायला अक्का आली. बाकावर न बसता टेबलाशी उभी राहिली.

"भाऊ, तुमी कुठले?"

"धुळ्याकडचा. आमच्याकडे कापूस."

"म्हनूनच. खोडं पाह्यली, बुडाले पाह्यलं नाही. एकाही पिलाले धक्का लागला नाही. वैरी आला असता तं पिलं आधी तोडली असती."

केळीच्या बुंध्याशी पिलं फुटतात. पुढचं पीक त्यांचंच. या गावातला शेतकरी रागाच्या भरातही पिलावर कोयता घालत नाही, त्यातही ती बाग पुढे आपल्याकडे यावी असं वाटत असेल तर. आणि अक्काची बाग बटाईने, अर्ध्या वाट्यावर कसायला, तिच्याच घरातलं कोण मागत होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दिराला पुरवणी जबाबासाठी बोलावलं. लिहिता लिहिता सहज विचारलं, "एवढी खोडं कापली, मग पिलं कशाला सोडली?"

"पिलं कशी कापीन साहेब? पुढच्या सालाचं पीक राह्यते ते!"

हवालदाराचा पेन थांबला. मी 'कापीन' या शब्दाखाली बोट ठेवलं. दिराची नजर खाली गेली. मग तो एकदम उसळला.

"मी घरचा मानूस! माह्याजवळ किल्ली नाही, अन् त्या चोट्याच्या कमरेले माह्या भावाच्या मोटारीची किल्ली! अख्खं गाव त्याले भाऊ, भाऊ करते. मले कोन इचारते?"

त्याला अटक केली. पण त्याचं वाक्य माझ्या ओळखीचं होतं. मी ते मनात रोज म्हणत होतो, फक्त अंगावर वर्दी घालून.

जुडगा टेबलाच्या खणात होता. राखणदारापुढे धरला, तर त्याने हात मागे घेतला.

"त्या तुम्ही दियेल नहीत साहेब. ज्यास्न्या शेतस त्यास्ले द्या. मन मा उनं ते देतीन त्या."

ज्यांच्या आहेत त्यांना द्या, मनात आलं तर ते देतील, एवढंच त्याचं मागणं. मग मी अकरा दारं फिरलो. प्रत्येक मालकाच्या हातात किल्ली दिली आणि चूक माझी होती, असं सांगितलं. शेवटी सगळे चावडीच्या ओट्यावर येऊन बसले, तो समोर रस्त्यावर उभा होता. अक्का पहिली उठली, चप्पलही न घालता गेली आणि किल्ली त्याच्या हातात ठेवून म्हणाली, "मोटार चालू कर, पिलं सुकतीन." तिच्यामागून एकेक जण गेला.

गुन्हेगार सुधारतो का, हे निवृत्तीनंतर लोक मला व्याख्यानांत विचारतात. मी म्हणतो, त्याला विचारू नका, स्वतःला विचारा. तो सुधारला तर तुम्हाला चालणार आहे का? आपल्याहून खाली कोणीतरी असावं ही आपली गरज आहे. तो वर आला की आपल्याला पुरावा लागत नाही, एक फोन पुरतो.

त्या दिवशी नऊ मालक उठले. दोघांनी किल्ली खिशात घातली आणि "पाहू पुढे" म्हणाले. दिराचा गुन्हा कोर्टात शाबीत झाला. त्या दोन किल्ल्यांचा गुन्हा माझा आहे, आणि त्याची नोंद कुठल्याही डायरीत नाही, म्हणून इथे करतो.