वालाची मतं

सूनबाईंनी बिरड्यासाठी वाल भिजत घातलेत. तो ओला, कडवट वास ओसरीवर आला की माझं डोकंच फिरतं. घरातल्यांना वाटतं, म्हाताऱ्याला बिरडं आवडत नाही. आवडतं हो! राग वालावर नाही, माझ्यावरच आहे.

प्रांतिक निवडणुकांचं ते वर्ष. टोकावड्याच्या अलीकडे एका खेड्यात मी मास्तर होतो. मिसरूड नुकतं फुटलेलं, आणि देश आपल्याच वर्गातून घडणार अशी भाबडी खात्री. गावात मत होतं ते सारा भरणाऱ्या मोजक्यांना. "मास्तर, मत म्हंजी काय?" पोरांनी विचारलं. म्हटलं, दाखवतोच. वर्गाचा मॉनिटर निवडू. एकीकडे पाटलांचा मुलगा, दुसरीकडे गावाबाहेरच्या वाडीवरची, मजुराची पोर. त्याचा हरभरा, तिचा वाल. प्रत्येकाला दोन्ही दाणे दिले. फडक्याखालच्या मडक्यात हवा तो टाकायचा, दुसरा सुपात परत. इथे ना सारा, ना सातबारा!

मडकं उपडं केलं तर वालच वाल. ती चहाड्या करत नसे, अडलेला पाढा हळूच सांगे. पोरांनी तेवढंच पाहिलं. ती हात तोंडाशी धरून हसली. आणि मॉनिटरनं पाण्याच्या माठातून सगळ्यांना पाणी द्यायचं असतं, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. त्या माठाला वाडीवरच्यांनी शिवायचं नाही, त्यांच्या ओंजळीत दुसऱ्यानं वरून ओतायचं, ही तिथली रीत.

दुसऱ्या दिवशी पाटील पायरीशी आले. आवाजही चढवला नाही. "मास्तर, पोरांचा खेळच व्हता नाय तो?"

"हो, खेळच," मी म्हणालो. जीभ कशी झडली नाही माझी! नोकरी नवी होती, परगावी एकटा होतो, सगळं खरं. पण म्हणालो ते म्हणालोच.

वर्गात येऊन सांगितलं, कालचं चुकलं, पुन्हा टाका. पोरं मुकाट उठली. या खेपेला मडक्यातून नुसते हरभरे निघाले. एकसुद्धा वाल नाही. म्हणजे तिचाही नाही. पाटीवरचं गणित तपासायला आणावं तशी ती टेबलापाशी आली.

"आता बराबर आलं ना, मास्तर?"

मी मान डोलावली.

आता मत सगळ्यांना आहे. तिलाही असेल. दर निवडणुकीला मी रांगेत उभा राहतो आणि मनात येतं, कुठल्याशा गावी तीही उभी असेल, आणि पेटीत कागद टाकताना कुणाचं तरी उत्तर बरोबर आणत असेल. तेवढं मात्र मी तिला पक्कं शिकवलं.