चाळीस मिनिटं कमी

पाळणाघरात तिला सगळेच मावशी म्हणत. मुलं म्हणत, मुलांचे आईबाप म्हणत, आणि तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या संचालक बाईही म्हणत. चौदा वर्षं ती तिथे होती. सकाळी दारातून आत येणाऱ्या मुलाच्या नुसत्या चालण्यावरून तिला कळायचं की याला दुपारपर्यंत ताप चढणार. एक मूल कडेवर, दुसऱ्याचं नाक हातात आणि नजर तिसऱ्यावर, ज्याने तोंडात काहीतरी घातलंय पण अजून गिळलेलं नाही, असा तिचा दिवस चालायचा.

मग नियम आला. खोलीची प्रमुख व्हायचं तर बालविकासाची पदवी हवी. नसेल तर मदतनीस म्हणूनच राहायचं, मग नोकरी चौदा वर्षांची असो नाहीतर चाळीस. संचालक बाईंनी तिला समोर बसवलं. "मावशी, खोली तुम्हीच चालवता हे मला माहीत नाही का? पण तपासणीला आलेल्या लोकांना मी काय दाखवू? त्यांना कागद लागतो."

म्हणून वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मावशीने विद्यापीठात नाव घातलं. शनिवार-रविवारचे वर्ग. बाकावर शेजारी बसणाऱ्या मुली तिच्या लेकीच्या वयाच्या. पहिल्या दिवशी त्या तिला शिक्षिका समजून उभ्या राहिल्या होत्या. दोन वर्षं तिने कशीबशी रेटली. पाचव्या सत्रात मात्र एक विषय असा आला की तो घरी बसून पाठ करता येण्यासारखा नव्हता: एकशे वीस तासांची इंटर्नशिप, चार क्रेडिट, बिनपगारी.

ती इंटर्नशिपचं काम बघणाऱ्या समन्वयक सरांकडे गेली.

"सर, मी रोज आठ तास हेच काम करते. ते धरता नाही येणार का?"

सरांनी नियमांचं पत्रक पुन्हा एकदा चाळलं. माणूस भला होता. काही सापडणार नाही हे माहीत असूनही त्याने शेवटच्या पानापर्यंत बघितलं. "तिथे तुम्हाला पगार मिळतो ना?"

"मिळतो."

"मग नाही धरता येणार. पगार मिळतो म्हणजे ती नोकरी झाली. इंटर्नशिप शिकण्यासाठी असते."

"आणि महिनाभर पगार घेतलाच नाही तर?"

सर हसले. ती गंमत करत नाहीये हे लक्षात आल्यावर हसायचे थांबले. "संस्थाही दुसरी हवी, मॅडम. माझ्या हातात असतं तर..." ती पुढचं ऐकायला थांबली नाही.

तिला मिळालेलं बालकेंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. दोन बस बदलून जायचं. सकाळी आठ ते बारा इंटर्नशिप, मग धावतपळत परत, आणि पाऊण ते साडेसात स्वतःची नोकरी, तेवढ्यापुरती मागून घेतलेल्या दुपारच्या पाळीत. तीस दिवस. घरून निघताना नवरा दाढी करत असायचा आणि आरशातूनच म्हणायचा, "डबा घेतलास का?" तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. बायकोसाठी त्याला जे करता येण्यासारखं होतं ते म्हणजे डबा भरणं, आणि ते तो न सांगता करायचा.

केंद्राच्या मॅडम अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. केस घट्ट बांधलेले, बोलणं नेमकं. त्यांनी मावशीला दीड ते अडीच वर्षांच्या मुलांच्या खोलीत नेलं आणि कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. मुलांचीच खुर्ची होती ती. बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे.

"ताई, इथे बसायचं. एक मूल निवडायचं आणि महिनाभर त्याचं निरीक्षण लिहायचं. फक्त एक गोष्ट. मुलांना हात लावायचा नाही."

"रडलं तरी?"

"रडलं तर आमच्या ताया आहेत. तुम्ही लिहायचं, किती वाजता रडलं, किती वेळ रडलं."

पहिल्या दिवशी तिने हात मांडीखाली दाबून ठेवले. समोर एका मुलाचं नाक ओठापर्यंत वाहत होतं आणि कुणाचं लक्ष नव्हतं. चौदा वर्षांची सवय दंडातून बोटांपर्यंत येत होती आणि ती तिथेच अडवत होती. त्या चार तासांनी ती इतकी दमली की बसमध्ये उभ्या उभ्या तिचा डोळा लागला.

तिने एक मुलगी निवडली. ती मुलगी पायातले बूट कुणाला काढू द्यायची नाही. झोपतानाही बूट घालूनच झोपायची. मावशी मनात तिला बूटवाली म्हणायची. पहिली वही मॅडमनी लाल शाईने भरून परत दिली. "मुलगी रुसली" याखाली रेघ आणि पुढे प्रश्न: "रुसली हे तुम्ही कशावरून म्हणता? जे दिसलं तेच लिहा."

मावशीच्या कपाळाला आठी पडली. रुसलेलं मूल ओळखायला तिला आता ही पोर शिकवणार! पण दुसऱ्या दिवशी तिने लिहिलं: "खालचा ओठ पुढे. तोंड भिंतीकडे. चार मिनिटे. नंतर डावा बूट दोन्ही हातांनी धरला." लिहिताना तिच्या लक्षात आलं की बूटवाली दर वेळी डावाच बूट धरते. मग ती बघू लागली. तिसऱ्या आठवड्यात तिला दिसलं की मुलीला सोडायला येणारा बाप दारात खाली बसून डाव्या बुटाचा बंद स्वतः बांधतो, उजवा तिची तिला जमेल तसा बांधू देतो, आणि निघून जातो.

चौदा वर्षांत मावशीने शेकडो मुलांचे बूट काढले होते, घातले होते. एका मुलाकडे सलग तासभर नुसतं बघत बसायला तिला कधी वेळच मिळाला नव्हता. हे तिला कळलं तेव्हा आनंद वगैरे झाला नाही. वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याचा रागही आला.

घरी लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचीही इंटर्नशिप चालू होती, एका ऑफिसात, पंख्याखाली नाही तर एसीत. रविवारी संध्याकाळी मावशी वर्गावरून आली की दोघी जेवणाच्या टेबलावर आपापले तासांचे तक्ते भरत बसायच्या.

"आई, 'या अनुभवातून तुम्ही काय शिकलात' इथे काय लिहिलंस?"

"अजून रिकामं आहे."

"मी लिहिलंय, संघभावना."

"तुमच्या ऑफिसात किती जण आहेत?"

"मी आणि प्रिंटर."

दोघी हसत सुटल्या. हसता हसता मावशीचे डोळे मिटायला लागले, तशी लेकीने तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. "जा, पड जरा. तारखा मी भरते."

पंचविसाव्या दिवशी व्हायचं ते झालं. अकराच्या सुमारास मुलांना निजवलं. पडदे ओढले. खोलीत बारा लहान श्वास एका लयीत चालू झाले, आणि ती लय मावशीच्या इतक्या ओळखीची होती की तिने भिंतीला डोकं टेकलं. फक्त क्षणभर, असं तिला वाटलं.

जाग आली तेव्हा बूटवाली समोर उभी होती, पूर्ण जागी, आणि अगदी गंभीरपणे तिच्या तोंडाकडे बघत होती. मागे दारात मॅडम. घड्याळात बारा.

मावशी धडपडत उठली, वही खाली पडली. "मॅडम, माफ करा, मला कळलंच नाही कधी..."

"हळू बोला, बाकीची झोपलीत." मॅडमनी वही उचलून दिली. "तुम्ही इथून कामावर जाता ना? किती वाजता सुटता?"

"साडेसातला."

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "दिवसाचे चार तास भरलेत. मी सही करते. जाऊ द्या."

सही झालीही असती. पण बसमध्ये वही उघडल्यावर मावशीला त्या कोऱ्या जागेत खोटं लिहिता येईना. महिनाभर लाल शाईने तिला तेवढंच शिकवलं होतं. तिने लिहिलं: "११.२० ते १२.००. निरीक्षण नाही. निरीक्षकाला झोप लागली."

समन्वयक सरांनी ते वाचून कपाळावर हात मारला. "मॅडम, हे लिहायची काय गरज होती?"

"झालं ते लिहिलं, सर."

"आता एकशे एकोणीस तास वीस मिनिटं होतात. हे कॉम्प्युटर घेत नाही. चाळीस मिनिटं पुन्हा भरावी लागतील."

त्या चाळीस मिनिटांसाठी मावशीने एक सकाळ पुन्हा दोन बस बदलल्या. कुरकुर करायचंही त्राण उरलं नव्हतं. केंद्रात पोहोचली तर त्या दिवशी दोन ताया एकदम आजारी, खोलीत रडारड, आणि मॅडमचे घट्ट बांधलेले केस सुटलेले. एक मूल त्यांच्या खांद्यावर उलटी करून मोकळं झालं होतं.

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. "ताई, वही राहू द्या. हात लावाल का जरा?"

मावशीने पर्स खुंटीला अडकवली. दहा मिनिटांत दोघं कडेवर, एक पाठीला, लंगोट बदलून झालेले तिघं चटईवर ठोकळ्यांशी. खोली शांत झाली. मॅडम भिंतीशी उभ्या राहून बघत होत्या, आणि या वेळी त्यांच्या हातात पेन नव्हतं. चाळिसाची सत्तर मिनिटं झाली तेव्हा मावशी निघाली.

"तक्त्यात सत्तर लिहू?" मॅडमनी विचारलं.

"चाळीसच लिहा. जास्तीची कुठे चढवतात ते मला माहीत नाही."

चार क्रेडिट जमा झाली. श्रेणी ब मिळाली, कारण अहवालात 'या अनुभवातून तुम्ही काय शिकलात' ही जागा तिने शेवटपर्यंत रिकामी ठेवली होती. सहावं सत्र त्यामानाने सोपं गेलं. पुढच्या वर्षी ती खोलीची प्रमुख झाली. प्रमुखाला अर्धा तास आधी यावं लागतं, म्हणून आता ती आधीची बस पकडते. पदवीदान समारंभ नेमका कामाच्या दिवशी आला. तिने रजा मागितली नाही. कागद टपालाने घरी आला, तेव्हा लेकीने सही करून घेतला आणि आईला फोन केला. पलीकडे कुणीतरी मोठ्याने रडत होतं.

"आलाय, आई."

"बरं," मावशी म्हणाली, "कपाटात ठेव. घरी आल्यावर बघते."